नक्कल केली, पण रुजवात घेतली का?

कष्टकरी माणसाच्या घरी सोन्यानाण्याची पेटी नसते, कागदांची पिशवी असते. आजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांचे गिरणीतील हजेरीचे कार्ड, ई.एस.आय.चे पुस्तक, जातीचा दाखला, पडताळणीचे प्रमाणपत्र, मुलांच्या गुणपत्रिका, खोलीची भाडेपावती. मुलीचे कॉलेज असो, मुलाची नोकरी असो, की गिरणी कामगाराच्या घराचा अर्ज असो, साहेबाच्या टेबलावर शेवटी ही पिशवीच बोलते.

आता काळ बदलला आहे. पिशवीतील कागद स्कॅन होऊन पेन ड्राइव्हमध्ये गेले आहेत. पिशवीला वाळवी लागते, पावसात पत्रा गळतो, म्हणून ही सोय चांगलीच आहे. पण पेन ड्राइव्हलाही त्याची स्वतःची वाळवी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या वाळवीबद्दल आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी आमचीच फजिती सांगतो. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत काही वर्षांपूर्वी आम्ही कार्यकर्त्यांनी शेजारपाजारच्या घरांतील जुने कागद स्कॅन केले. रविवारचे रविवार बसून काम केले. सगळे एका पेन ड्राइव्हवर ठेवले. एका हुशार मुलाने सांगितले, "काका, याची इमेज काढून ठेवू." म्हणजे पूर्ण पेन ड्राइव्हचा जसाच्या तसा ठसा एका मोठ्या फाइलमध्ये. ती फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली. तो कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावले आणि आम्ही निश्चिंत झालो.

पुढे पहिला पेन ड्राइव्ह एक दिवस उघडेचना. आम्ही ऐटीत कपाट उघडले. इमेज फाइल जागेवर होती. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकारही पुरेपूर. पण उघडली तर निम्म्याच्या पुढे काही नाही, नुसती शून्ये. त्या वेळी नक्कल पूर्ण लिहून होण्याआधीच कुणीतरी घाईने पेन ड्राइव्ह उपसला होता. संगणकाने फाइलसाठी जागा आधीच आखून ठेवली होती, म्हणून आकार पूर्ण दिसत होता. वहीला पाने शंभर होती, पण पन्नासच लिहिलेली होती.

त्याच आठवड्यात एका मुलीला प्रवेशासाठी आजोबांचा दाखला हवा होता. मूळ कागद घर दुरुस्त करताना गेला होता. तिचे वडील नाक्यावर हमाली करतात. त्यांनी तीन दिवसांची मजुरी बुडवली, गावी गेले, जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दाखल्याची दुसरी प्रत मिळवली. मुदतीच्या आदल्या दिवशी कागद हातात आला. मुलीचा प्रवेश झाला. पण तिच्या आईने मला एवढेच विचारले, "भाऊ, तुम्ही तर म्हणाला होता, दोन ठिकाणी ठेवलंय म्हणून?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही नक्कल केली होती. रुजवात घेतली नव्हती.

रुजवात म्हणजे काय?

ज्यांनी तहसील कचेरीतून किंवा भूमापन कचेरीतून कागदाची नक्कल घेतली असेल, त्यांनी खाली पाहिले असेल. नक्कल तयार करणार एक, रुजवात घेणार दुसरा. दोघांच्या सह्या. पूर्वी एक कारकून मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द पडताळायचा. मग कुठे शिक्का बसायचा. लिहिणाऱ्याच्या हातावर विश्वास नव्हता असे नाही. पण हात थकतो, डोळा ओळ चुकवतो, हे जुन्या लोकांना ठाऊक होते.

संगणकाचा हात थकत नाही असे आपण समजतो. पण तारेत बिघाड होतो, वीज जाते, पेन ड्राइव्ह सैल बसतो, आतील चिप म्हातारी होते. पेन ड्राइव्हमध्ये जी फ्लॅश चिप असते, तिची कल्पना जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांची. १९८४ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली. या चिपमध्ये सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा किंचित भार कोंडलेला असतो. तो भार म्हणजेच आपला मजकूर. हा भार हळूहळू झिरपतो. जास्त वापरलेली चिप आणि जास्त उष्णता असेल तर लवकर झिरपतो. पत्र्याच्या छताखाली, कपाटाच्या वरच्या फळीवर वर्षानुवर्षे पडलेला पेन ड्राइव्ह वरून नवा दिसेल, पण आतून त्याचे कप्पे रिते होत असतात.

म्हणून रुजवात दोनदा लागते. एकदा नक्कल केल्यावर लगेच, आणि पुढे अधूनमधून.

बेरीज जुळणे पुरेसे नाही

आता प्रश्न असा, की लाखो पानांइतक्या मोठ्या फाइलची रुजवात घ्यायची कशी? एकेक अक्षर वाचत कोण बसणार? इथे हिशेबाची जुनी युक्ती कामाला येते.

दुकानाचा गल्ला मोजताना आपण प्रत्येक पावती पुन्हा वाचत नाही, बेरीज जुळवतो. कारकुनाला आणखी एक गंमत माहीत असते. बेरजेतील फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडले आहेत. ५४० च्या जागी ४५० लिहिले तर फरक ९० येतो आणि त्याला नऊने भाग जातो. अशी खूण मिळाली की चूक कुठे शोधायची ते कळते.

आपल्या आधार कार्डावरही अशीच खूण आहे. बारा आकड्यांपैकी शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून ठरतो. कुणी एक आकडा चुकीचा लिहिला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले, तर संगणक लगेच ओळखतो की हा क्रमांक असा असूच शकत नाही. या पद्धतीला फेरहूफ या डच गणितज्ञाचे नाव आहे. त्यांनी ती १९६९ मध्ये मांडली.

पण नुसत्या बेरजेला मर्यादा आहे. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षीच शिकवतात, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे. एका खात्यात शंभर जास्त आणि दुसऱ्यात शंभर कमी पडले तर बेरीज जुळते आणि चूक लपते. दोन नोंदींची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. आमच्या इमेज फाइलचा आकार जुळला होता, तो असाच फसवा होता.

म्हणून गणितज्ञांनी अधिक कडक बेरीज तयार केली. तिला हॅश म्हणतात. आपण तिला फाइलचा अंगठा म्हणू. हॅशचा प्रोग्राम फाइलमधील प्रत्येक अक्षर, त्याच्या जागेसह, एका ठरावीक गणितातून दळून काढतो आणि शेवटी एक लांबलचक खूण देतो. आज जी खूण सर्रास वापरतात तिचे नाव एसएचए-२५६. ती अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २००२ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केली. ती नेहमी ६४ चिन्हांची असते. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे, एवढीच चिन्हे तिच्यात येतात. फाइल एका ओळीची असो की तीन तासांच्या सिनेमाची, खूण ६४ चिन्हांचीच. पण फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पूर्ण खूण पालटते. थोडी चूक, थोडा फरक, असा प्रकार नाही.

तिच्या आधीची एक खूण एमडी-५ या नावाची आहे. ती रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तयार केली. २००४ मध्ये चीनच्या शियाओयुन वांग या महिला गणितज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोन वेगळ्या फाइलींची एमडी-५ खूण एकच येईल असे मुद्दाम घडवता येते. आपोआप झालेला बिघाड पकडायला ती अजूनही चालते. पण कुणी लबाडीने फाइल बदलली असेल तर तिच्यावर विसंबू नये. एसएचए-२५६ वापरावी, तेवढेच श्रम पडतात.

सिनेमावाल्यांचीही फजिती

ही चूक आपल्यासारख्या साध्या माणसांचीच होते असे समजू नका. १९९८ मध्ये अमेरिकेच्या पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू होते. चुकून एक आज्ञा दिली गेली आणि सिनेमाच्या फाइली पटापट पुसल्या जाऊ लागल्या. सिनेमाचा फार मोठा भाग गेला. बॅकअप होताच, तो परत भरला. सगळे ठीक आहे असे समजून कामही सुरू झाले. मग लक्षात आले की बॅकअपच अपुरा आहे. कपाटात नक्कल होती, पण ती पुरी आहे का हे कुणी तपासले नव्हते.

वाचवले कुणी? गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंनी. बाळंतपणानंतर त्या घरून काम करीत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर सिनेमाची एक प्रत होती. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून, मोटारीत ठेवून, जपून कचेरीत आणला. त्यातून काम पुन्हा उभे राहिले आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये चित्रपट झळकला. मोठमोठ्या यंत्रांच्या कंपनीला एका आईच्या घरातील प्रतीने तारले. यातून दोन धडे घ्यावेत. एक प्रत दुसऱ्या घरात असावी, आणि न तपासलेल्या प्रतीला प्रत म्हणू नये.

प्रत्यक्ष करायचे कसे?

घरात संगणक नसेल तर अभ्यासिकेत, ओळखीच्या मुलाकडे किंवा सायबर कॅफेत हे काम होते. मात्र सार्वजनिक संगणकावर काम केल्यास जाण्यापूर्वी आपल्या फाइली तिथून पुसाव्यात. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला शेजारी बसवा. पायऱ्या अशा.

पहिली पायरी. पेन ड्राइव्ह खरा आहे का ते पाहा. फुटपाथवर स्वस्तात मिळणाऱ्या पेन ड्राइव्हपैकी काही खोटे असतात. आत जागा थोडी असते, पण संगणकाला ते मोठा आकडा सांगतात. भरत गेले की पुढचा मजकूर हवेत जातो आणि संगणक तक्रारही करीत नाही. एच-२-टेस्ट-डब्ल्यू या नावाचा फुकट प्रोग्राम रिकामा पेन ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून, ताळा घेतो. खोटा माल तिथेच उघडा पडतो. मात्र १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर संगणक साधारण १४.९ दाखवतो, ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने मोजते, एवढाच तो फरक.

दुसरी पायरी. इमेज काढा. विन-३२ डिस्क इमेजर हा फुकट प्रोग्राम त्यासाठी आहे. त्यात 'रीड' म्हणजे पेन ड्राइव्ह वाचून फाइल करणे आणि 'राइट' म्हणजे फाइल पेन ड्राइव्हवर उतरवणे. इथे फार जपा. चुकून 'राइट' दाबले तर पेन ड्राइव्हवरचे सगळे जाईल. बटण दाबण्यापूर्वी दोघांनी वाचावे.

तिसरी पायरी. लगेच पहिली रुजवात. त्याच प्रोग्राममध्ये 'व्हेरिफाय ओन्ली' हे बटण आहे. ते पेन ड्राइव्ह आणि इमेज फाइल समोरासमोर ठेवून पडताळते. हे काम इमेज काढल्याबरोबर करा, मधे पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावू नका. कारण पेन ड्राइव्ह लावला की विंडोज स्वतःच्या सोयीसाठी त्यावर गुपचूप काही नोंदी करते. मग आपले कागद तसेच असूनही ठसा जुळत नाही आणि माणूस उगीच घाबरतो.

चौथी पायरी. इमेज फाइलचा अंगठा घ्या. सेव्हन-झिप हा फुकट प्रोग्राम असेल तर फाइलवर उजवे बटण दाबा, यादीतून सीआरसी-एसएचए निवडा आणि त्यात एसएचए-२५६ दाबा. जुन्या पेन ड्राइव्हवरून १६ जीबी वाचायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, धीर धरा. आलेली खूण एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवा. शिवाय घरच्या वहीत तारीख, फाइलचे नाव, आकार आणि खुणेची पहिली आठ व शेवटची आठ चिन्हे लिहा. ६४ चिन्हे हाताने लिहिताना आपणच चुकू. आपोआप झालेला बिघाड ओळखायला ही सोळा चिन्हे पुरतात. वही मात्र पेन ड्राइव्हपासून वेगळी ठेवा.

पाचवी पायरी. नक्कल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर एफएटी-३२ पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ती मावत नाही. तो एक्स-एफएटी पद्धतीने तयार करून घ्यावा. तसे करताना त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून तो आधी रिकामा हवा. नक्कल झाल्यावर 'इजेक्ट' करून मगच उपसा. मग पुन्हा लावा आणि नकलेचा अंगठा घ्या. न काढता लगेच तपासले तर संगणक कधी कधी स्वतःच्या स्मरणातूनच उत्तर देतो, पेन ड्राइव्ह वाचतच नाही. पाठ करून आलेला मुलगा पुस्तक न उघडता वाचून दाखवतो, तसे ते होते. वहीतील सोळा चिन्हे जुळली, की रुजवात पुरी.

सहावी पायरी, आणि हीच लोक विसरतात. नक्कल उघडून पाहा. अंगठा जुळला याचा अर्थ एवढाच, की अंगठा घेतला त्या दिवसापासून फाइल बदललेली नाही. त्या दिवशी फाइल बरोबर होती, असे तो सांगत नाही. दाखला अर्धाच स्कॅन झाला असेल, तर अंगठा त्या अर्ध्या दाखल्याचीच इमानदारीने राखण करील. म्हणून सेव्हन-झिपमध्ये इमेज फाइल उघडा, बहुतेक वेळा ती उघडते. आतले पाच-सहा कागद, काही सुरुवातीचे, काही मधले, काही शेवटचे, बाहेर काढून डोळ्यांनी वाचा. नाव वाचता येते का? शिक्का दिसतो का? जादा पेन ड्राइव्ह असेल तर इमेज त्यावर उतरवून पाहणे उत्तम. तो थोडा मोठा घ्यावा, कारण १६ जीबीचे दोन वेगळ्या कंपन्यांचे पेन ड्राइव्ह तंतोतंत सारखे नसतात.

इमेज हवीच का?

खरे सांगायचे तर प्रत्येक घराला इमेजची गरज नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा असेल, किंवा सगळी रचना जशीच्या तशी हवी असेल, तर इमेज काढावी. नुसते कागद आणि फोटो असतील तर साध्या फाइलींची नक्कल बरी. त्यात एक फाइल बिघडली तर बाकीच्या वाचतात. इमेजमध्ये अनुक्रमणिकेच्या जागीच बिघाड झाला तर पुष्कळ कागद एकदम हरवतात. आणखी एक सावधगिरी. इमेज पूर्ण पेन ड्राइव्हचा ठसा घेते, त्यामुळे आपण पुसलेले कागदही कधी कधी तिच्यात राहतात. म्हणून दुसऱ्याला इमेज देताना विचार करावा.

फाइलींची झिप करून ठेवली तरी चालते. झिपमध्ये प्रत्येक फाइलची एक लहान खूण आपोआप असते आणि सेव्हन-झिपमधील 'टेस्ट' हे बटण ती तपासते. ज्यांना वरच्या पायऱ्या जड वाटतात, त्यांनी निदान एवढे करावे.

वर्षातून दोनदा

ही दुसरी रुजवात आम्ही आता ठरवून घेतो. मे महिन्यात, म्हणजे दाखल्यांची धावपळ सुरू होण्यापूर्वी, आणि नोव्हेंबरमध्ये. एक मुलगी संगणकावरची खूण मोठ्याने वाचते, दुसरा मुलगा वहीवर बोट ठेवतो, जुळले की दोघे सही करतात. जुन्या कचेरीसारखेच. जुळले नाही तर त्याच दिवशी चांगल्या प्रतीवरून नवी नक्कल काढायची. दोन्ही प्रती एकदम बिघडण्याआधी एक बिघडते. ती बिघडलेली असतानाच कळली, तर नुकसान शून्य. दोन वर्षांपूर्वी एका नकलेचा अंगठा जुळला नाही. पाऊण तासात नवी प्रत झाली, कुणाची मजुरी बुडली नाही, कुणाला गावी जावे लागले नाही.

आणि मूळ कागद फेकू नका. स्कॅन कितीही चांगले असले तरी अनेक कचेऱ्या पडताळणीला मूळ कागद मागतातच. नक्कल हा आधार आहे, मुळाची जागा ती घेत नाही.

ज्या माउलीने मला प्रश्न विचारला होता, तिची मुलगी आता शिकते आहे. मे महिन्यात वहीवर बोट ठेवायला तीच येते. मागच्या खेपेला तिची आईही दारात उभी होती. म्हणाली, "जुळलं का गं?" मुलगी म्हणाली, "जुळलं, आई." आपल्या घरीही या रविवारी कपाटातील पेन ड्राइव्ह बाहेर काढा आणि हाच प्रश्न विचारा.